दोनधारचं ताट

११ ऑगस्ट, सोमवार

संपादकांचा फोन आला नागपूरहून. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होती. कादंबरीतला नकाशा फार आवडला म्हणे. नदीच्या दोन धारांमध्ये अडकलेलं गाव, पावसाचे चार महिने नावा बंद, कोणी बाहेर जात नाही, कोणी आत येत नाही, हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं म्हणे. मग, "पण मंजूषाताई, गावात माणसं राहत नाहीत."

सात वर्षं झाली हे दोनधार वसवून. छत्तीस घरं. कोणत्या घराचं दार कोणत्या दिशेला ते मला झोपेतून उठवून विचारा. आणि माणसं राहत नाहीत.

दसऱ्यापर्यंत दुरुस्त करून द्या, नाहीतर या वर्षी पुस्तक निघणार नाही. बरं. सेहेचाळीस वर्षांची बाई, शाळेत भूगोल शिकवते, घरी येऊन खोटा भूगोल लिहिते, आणि तोही जमला नाही.

येताना खोव्याची जिलबी घेतली. नेहमीप्रमाणे दोन पुड्या. एक खाली, एक वर.


१२ ऑगस्ट

सं.ची मेल. (यापुढे सं. च लिहिणार, एवढा मान पुरे.) खटकलेल्या जागा सोळा. पंधरा मान्य आहेत, मलाही खटकतच होत्या. सोळावी म्हणजे ताट.

दोनधारमध्ये दोन घरांचं बोलणं तुटलं की ती घरं सणाला एकमेकांकडे झाकलेलं ताट पाठवतात. ताट नेणारा तिसरा. ज्यांचं भांडण आहे त्यांनी स्वतः ताट उचलायचं नाही, आणि ताट रिकामं परत पाठवायचं नाही. सं. लिहितात, 'हे पटत नाही. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याला कोण पुरणपोळी पाठवेल? रचलेलं वाटतं. काढून टाका किंवा कारण द्या.'

आधी हसू आलं, मग राग. अख्ख्या पुस्तकात मी न रचलेली गोष्ट एवढी एकच आहे.

एकवीस वर्षं ते ताट मी नेऊन राहिली. खाली आई, वर काकू, मध्ये सोळा पायऱ्या. बाबा आणि काकांनी मिळून इथे जबलपूरच्या विजय नगरात घर बांधलं, दोघंही गेले, आता एका मजल्यावर आई आणि मी, दुसऱ्यावर एकटी काकू. स्टीलचं ताट आहे, काठावर आजोबांचं नाव कोरलेलं. मूळचं कुणाच्या वाटणीचं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. एक सण वर, एक सण खाली.

काढून टाका म्हणे.


१५ ऑगस्ट

झेंडा, भाषणं, बुंदी. शाळेतल्या मिश्रा मॅडमला मराठी येत नाही, पण दोनधारची अर्धी वस्ती तिच्या प्रश्नांनी वसली आहे. मी हिंदीत सांगत जाते, ती डबा खाताखाता अडवते. पहिल्या वर्षी म्हणाली होती, "मैडम, आपके गाँव में कचरा कौन उठाता है?" त्यावर एक अख्खं प्रकरण झालं. मग "नमक कहाँ से आता है?" मग मिठाची कोठारं आली, कोठाराची किल्ली आली, किल्लीवरून राजकारण आलं. तिचं नाव मलपृष्ठावर टाकायला हवं.

आज विचारलं, "और ये दो घर बोलते क्यों नहीं?"

"कुआँ. पानी की बारी को लेकर झगड़ा."

"बीस साल?" तिनं चमचा खाली ठेवला. "पानी के लिए सिर फूटता है मैडम. बीस साल चुप कोई नहीं रहता."

विहीर मी घरावरूनच घेतली होती. आमच्याकडे विहीर नाही, मोटर. गच्चीवरच्या टाकीची मोटर कोणी जाळली यावरून आई आणि काकूचं बोलणं बंद झालं, असंच मला सांगितलं गेलं. मी पंचवीसची होती. विचारलं नाही कधी. दुसऱ्यांची नकाशातली दिशा चुकली म्हणून मार्क कापते.


१७ ऑगस्ट, रविवार

आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती.

"आई, तुझं आणि काकूचं काहून बंद झालं?"

"मोटर."

"मोटरीवरून एकवीस वर्षं?"

"चांगली मोटर होती."

संपलं. आईसमोर सं. काय, सुप्रीम कोर्ट हरेल.


२० ऑगस्ट

अभयचा फोन, बंगलोरहून. काकूचा मुलगा. समजतं सगळं मराठी, बोलतो हिंदीत. "मंजूताई, आई को ले जा रहा हूँ. पाँच अक्टूबर का टिकट हो गया. अकेली कब तक रहेगी?" वरचा मजला भाड्याने देणार. कोणी बँकवाले आहेत.

बरोबरच आहे त्याचं. काकू एकाहत्तरची. मी फोन ठेवून जिन्यात जाऊन बसली. पाच ऑक्टोबरनंतर ताट कुठे न्यायचं.

आईला सांगितलं. "अच्छा," म्हणाली. मग, "गीझर काढून ठेवायला सांग, भाडेकरूला कशाला फुकट." तासाभरानं स्वयंपाकघरातून, "तिथे थंडी असते का गं?"

"कुठे?"

"तेच. बंगलोरला."

"नसते फार."

"अच्छा."


२५ ऑगस्ट

सं.च्या पंधरा जागांपैकी नऊ झाल्या. दोनधार आता नीटनेटकं दिसतं आणि आणखीच मेलेलं. सगळ्या घरांना कायदे आहेत. पाणी असं भरायचं, प्रेत या वाटेनं न्यायचं, पूर उतरला की पहिली नाव यांनी सोडायची. सगळे जण सगळं पाळतात. असं कुठे असतं? आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी आठला येते हा नियम आहे, आणि अख्खी गल्ली साडेआठला पिशव्या घेऊन मागे धावते.

नियम लिहिणं सोपं आहे. लोक नियम न मोडता त्यातून कसे निसटतात, ते लिहायला हवं. कळून राहिलं आहे, हाताला येत नाही. दोनदा उठून चहा केला. तिसऱ्यांदा आई म्हणाली, दूध संपलं, आता बस तरी.


१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या. आमच्याकडे खालीच बसतात, मोठ्या सुनेकडे.

एक गोष्ट मी दर वर्षी बघते आणि आज पहिल्यांदा बघितली. चार वाजता आई म्हणते, "माझं डोकं दुखून राहिलं, मी जरा पडते." आत जाते. पण मागचं दार लावत नाही. देवीपुढे पाट मांडलेला, हळदी-कुंकू भरलेलं, ओटीचे तांदूळ काढून ठेवलेले. सव्वाचारला काकू मागच्या जिन्यानं उतरते. आवाज न करता. हळदी-कुंकू वाहते, ओटी भरते, नमस्कार करते. आज थोरलीच्या पदराची निरी सरकली होती ती तिनं बसवली, पिन लावली, गेली. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

साडेचारला आई उठली. डोकं थांबलं होतं. पदराकडे बघून म्हणाली, "नीट केलास पदर."

मी नव्हता केला. तिलाही ठाऊक आहे की मी नव्हता केला, मला निऱ्या जमत नाहीत हे ती सगळ्या जबलपूरला सांगत असते. मी म्हटलं, "हो."

संध्याकाळी ताट वर नेलं, पुरणपोळ्या, कढी. आंबिलीचं पातेलं आणि पंचामृत घेऊन खाली आली. मग बसून चार पानं लिहिली, न उठता. दोनधारमध्ये आता एक दार आहे जे कोणी लावत नाही आणि कोणी उघडंही ठेवत नाही. सात वर्षांत पहिल्यांदा त्या गावात कोणीतरी राहून राहिलं आहे असं वाटलं.


४ सप्टेंबर

सं.चं उत्तर. 'ही चार पानं खरी. पण आता कारण जास्तच हवं. एवढं जपणाऱ्या बायका विहिरीवरून तुटत नाहीत. काय झालं होतं?'

मला काय ठाऊक. माझ्या गावात आहे आणि मला ठाऊक नाही.


७ सप्टेंबर, रविवार

काकूला बाड दिलं. सगळं. इथे मराठी कादंबरी वाचणारं माणूस शोधायचं म्हणजे हातात दिवा घ्यायला हवा. काकू जुने दिवाळी अंक चौथ्यांदा वाचते, जाहिरातींसकट. पेन्सिल मागून घेतली. "खोडू का?"

"खोड."

"रागावू नको मग."

ताटाचं तिला सांगितलं नव्हतं. खालच्या आणि वरच्या घराला मी चिंचेचं घर आणि घाटाचं घर केलं आहे, पण काकू काय लहान आहे. दिवसभर आत-बाहेर करून राहिली. आईनं दोनदा विचारलं, पोट बिघडलं का.


११ सप्टेंबर

बाड परत. पेन्सिलीचे शेरे, बारीक अक्षरात.

'तुझ्या गावात कोणाला ताप येत नाही का?'
'बायका दुपारी काय करतात ते कुठेच नाही.'
'इतकी शुद्ध कोणी बोलत नाही, चिडल्यावर तर नाहीच.'
'सुईण एकच आणि घरं छत्तीस. तिच्या घरी कोण जातं?'

सं.ला तिच्याकडे शिकवणीला पाठवावं. मग विहिरीच्या भांडणाचं पान. सगळ्या पानावर एक तिरकी रेघ आणि खाली तीन शब्द. 'असं नाही झालं.'

बाकी ठिकाणी 'पटत नाही', 'बरं नाही', 'काढ'. इथे मात्र 'असं नाही झालं'. मी रचलेल्या गावात काय झालं आणि काय नाही, ते काकू मला सांगून राहिली.


१३ सप्टेंबर, शनिवार

वर गेली. काकू खोके भरत होती. निम्म्या खोक्यांवर अभयचा पत्ता, निम्म्यांवर 'देऊन टाकणे'. पान तिच्यासमोर धरलं. कसं झालं मग, म्हटलं.

सुतळी बांधत राहिली. मग, "तुला खरंच आठवत नाही?"

"काय?"

"याच पलंगावर बसून रडली होती तू. नागपूरच्या स्थळाच्या वेळी."

आठवतं. साखरपुड्याला आठ दिवस होते. मुलगा वाईट नव्हता. पण त्यांच्याकडे पुढे शिकायचं नाही, नोकरी नाही, आणि लिहिते म्हटल्यावर त्याची आई हसली होती. आईनं वर्षभर खटपट करून जमवलेलं स्थळ. आईला सांगायची माझी हिंमत नव्हती. काकूकडे येऊन रडली, मला नाही करायचं म्हणाली, आईला सांगू नको म्हणाली. शपथ घातली. पुढच्या आठवड्यात तिकडूनच नकार आला. मला वाटलं, नशीब. त्या दिवशी मैत्रिणींना चाट खाऊ घातली होती मी.

नकार तिकडून आला नव्हता. काकू सिहोऱ्याला गेली होती, एकटी, बसनं, ज्या बाईंनी स्थळ आणलं त्यांच्याकडे. मुलीची मर्जी नाही, थांबवा. "आणि म्हटलं, मुलीचं नाव घेऊ नका. माझ्यावर घाला. तर त्यांनी घातलं. तुझ्या आईला सांगितलं, तुमची जाऊ येऊन मोडून गेली."

"आई काय म्हणाली?"

"विचारलं, तू गेली होती का? मी म्हटलं, हो. काहून? आता काय सांगू? तुला शब्द दिला होता ना मी. गप्प बसली. तेव्हापासून गप्पच."

मोटर त्याच आठवड्यात जळली होती म्हणे. लोकांना सांगायला बरं कारण मिळालं. बाबांनाही तेच, काकांनाही तेच, मलाही.

"आई मला कधीच काही बोलली नाही."

"कशी बोलेल? काकूनं तुझं लग्न मोडलं असं तुला सांगितलं असतं तर तू वर आली असतीस का? तिला ते नको होतं." सुतळी तोडायला दात लावला तिनं. "पहिलं ताट तिनंच पाठवलं, त्याच दिवाळीत. तुझ्या हातात. मला दिसलं ना, ती दार बंद करत नाही आहे, तुझ्यापुरतं उघडं ठेवून राहिली. मी काय, रिकामं पाठवू?"

खाली आली. आईनं विचारलं, खोके भरले का तिचे?


१४ सप्टेंबर

लाज वाटून राहिली. त्याहून जास्त राग, दोघींचा. मला कोणी विचारलं? एकवीस वर्षं मी मधली म्हणून मिरवत होती. सोसते, सांभाळते, दोन पुड्या आणते, काय शहाणी मुलगी. आणि भांडण माझं होतं.

सं.ला कारण हवं होतं. घ्या.


१९ सप्टेंबर

लिहून राहिली. शाळेतून येते आणि बसते. दोनधारच्या चिंचेच्या घरातली मुलगी, जी ताट नेते, तिच्यामुळेच बोलणं तुटलं आहे आणि हे तिला ठाऊक नाही, गावात दोनच जणींना ठाऊक आहे. आता सगळं गाव जागेवर बसून राहिलं. ताट का जातं, तिसऱ्यानंच का न्यायचं, रिकामं का नाही. पन्नास वर्षांपूर्वी कोणी तरी अशाच एका पोरीसाठी ते सुरू केलं असणार आणि मग त्याची रीत झाली असणार. रीती अशाच पडत असतील. कोणी तरी एकदा घाबरून काही तरी करतं आणि बाकीचे ते पाळत बसतात.

चाळीस पानं. चांगली झाली आहेत. माझी मलाच भीती वाटली.


२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. काकूला चाळीस पानं दाखवली. डोळे पुसत वाचली, आणि एक 'बघितले'चं 'बघितलं' केलं.

म्हणाली, "छाप. पण तुझ्या आईला सांगू नको."

"ती वाचेलच ना कधीतरी."

"ती तुझं काही वाचते का? नागपूरचे वाचतील, त्यांना कळणार नाही. सांगू नको, मंजू. या वयात एकवीस वर्षांचा राग चुकीच्या माणसावर काढला असं कळलं तर ती काय करेल? आहे तो राग तरी तिचा आहे."

पुन्हा शब्द मागून राहिली. या घरात शब्द देण्याचा आजार आहे. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, देवीपुढची फुलं सारखी करत बसली.


२६ सप्टेंबर

आठवीच्या वर्गात फळ्यावर नर्मदा पूर्वेकडे वाहवली. पोरी हसल्या. मी पुसलं आणि पुन्हा पूर्वेकडेच काढली.

मिश्रा मॅडमला सांगितलं सगळं, दोनधारचं म्हणून. ती काय, तिला एका मिनिटात कळलं. "बता दीजिए," म्हणाली. मग डबा बंद करताना, "लेकिन इतना पुराना गुस्सा वो रखेंगी कहाँ?"

सगळ्यांनाच चांगलं बोलता येतं. कोणी येऊन करत नाही.

सं.चे दोन मिस्ड कॉल.


२८ सप्टेंबर, रविवार

ठरवून काही केलं नाही. सकाळी आई म्हणाली, "झालं का तुझं गाव?" सात वर्षांत पहिल्यांदा. नेहमी म्हणते, मला तुझ्या गावात काय करायचं आहे, मला माझंच गाव पुरे.

"झालं. एवढं एक प्रकरण तू वाचून दे."

"मला काय कळतं."

"कळेल."

चाळीस पानं तिच्या मांडीवर ठेवली, चष्मा दिला, आणि स्कूटी काढून पळाली. भित्री आहे मी, एकवीस वर्षांपूर्वी होती तेवढीच. नर्मदेच्या ग्वारीघाटावर दोन तास बसली. लोक नावेत बसून फोटो काढत होते. घरी आली तर पानं टेबलावर, कडा जुळवून ठेवलेली, वर माझा पेपरवेट. आई भेंडी चिरत होती.

"वाचलं?"

बोलली नाही. जेवताना वाढलं, बोलली नाही. मी म्हटलं, आई, मीच सांगितलं होतं काकूला, मला नको होतं ते लग्न, तुला सांगायची हिंमत नव्हती. नुसतं भेंडीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.


३० सप्टेंबर

तिसरा दिवस. आई माझ्याशी बोलत नाही. रागानं भांडी आपटत नाही, रडत नाही, सगळं वेळेवर करते. मी विचारलं की मान हलवते. हे मी लिहिलं आहे. कसं असतं ते तीनशे पानांत लिहिलं आहे आणि मला अजिबात ठाऊक नव्हतं. बोलणं बंद झालेल्या घरात पंखा फार ऐकू येतो. हे बाडात घालायचं मनात आलं आणि स्वतःचीच किळस आली.

काकूला सांगितलं, मी आईला वाचायला दिलं. काकू पलंगावर बसली. "सांगू नको म्हटलं होतं ना मी." आणि मग तीही गप्प.

चलो. दोन्ही मजले.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सं.ची मुदत आज. प्रकरण पाठवलं नाही. फोन आला, उचलला नाही. एवढं चांगलं मी परत लिहीन असं वाटत नाही. आई बोलल्याशिवाय पाठवणार नाही. ती कधीच बोलली नाही तर, ते माहीत नाही. या वर्षी पुस्तक नाही निघालं तर नाही.

दुपारी आईनं ताट भरलं. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, आपट्याची दोन पानं. झाकून माझ्यासमोर ठेवलं, न बोलता. मी वर नेलं. काकूनं घेतलं, ओट्यावर ठेवलं, परत दिलं नाही. "रविवारी निघताना देईन, भरून." एवढंच बोलली. घरात आता खोकेच खोके, बसायला जागा नाही, मी दारातूनच परतली.

सोनं द्यायला आईच्या पाया पडली. डोक्यावर हात ठेवला तिनं. हात ठेवला, बोलली नाही.


४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या सकाळी काकू जाणार. अभय रात्रीच्या गाडीनं पोहोचतो आहे.

शाळेतून चारला आली. घरात कोणी नाही. आईच्या चपला दारात. स्वयंपाकघर आवरलेलं. आतल्या खोलीत माझ्या टेबलावर, पानांच्या शेजारी, झाकलेलं ताट.

तेच ताट. काठावर आजोबांचं नाव.

ताट वर होतं. गुरुवारी मीच ठेवून आली होती. मी आणलेलं नाही, आणि माझ्याशिवाय या घरात ते ताट कोणी उचलत नाही.

झाकण काढलं. एका बाजूला आईच्या तिखट पुऱ्या, जाड, कडेला ओवा जास्त. दुसऱ्या बाजूला काकूच्या खोबऱ्याच्या वड्या, त्यात तिची नेहमीची जास्त वेलची. डोळे मिटूनही कोणाचं काय ते सांगेन, एवढ्या वेळा नेलं आहे. दोघींच्या हातचं एका ताटात मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर येऊन बघितलं. आईची काठी मागच्या जिन्याच्या खाली, कठड्याला टेकवलेली. गुडघ्यांमुळे ती गच्चीवर कपडे वाळत घालायला सुद्धा जात नाही. सोळा पायऱ्या.

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढला. ताट माझ्यासाठी आहे. म्हणजे आता त्या दोघी एका घरच्या आणि मी दुसऱ्या. रागावून पाठवलं की बोलावून पाठवलं, ताटावरून कळत नाही, कधीच कळत नव्हतं. आणि न्यायला तिसरं कोणी नाही. मलाच न्यावं लागेल, दोनधारमध्ये असं करत नाहीत.

एक वडी खाल्ली. रडू आलं, आलं तर आलं.

सं.चा फोन वाजून थांबला.

ताट धुतलं. रिकामं न्यायचं नाही. मला येतो फक्त शिरा, तोही गुठळ्यांचा, दोघींना ठाऊक आहे. रवा चाळून ठेवला. तूप कमी आहे. मधूनमधून जिन्यापाशी जाऊन उभी राहते. वरून अजून बोलल्याचा आवाज येत नाही, खोके सरकवल्याचा येतो.